दुधाचे बिल आणि इबारती सवाल

दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे. उर्दू माध्यमातून मराठी माध्यमात आलेल्या मुलींना आम्ही आधी शब्द जुळवून देतो: चल म्हणजे मुतगय्यर, समीकरण म्हणजे मसावात, शाब्दिक उदाहरण म्हणजे इबारती सवाल. मांडलेले समीकरण त्या पटापट सोडवतात. इबारत वाचून ते मांडायचे म्हटले की पेन थांबते, आणि मिश्रणाच्या उदाहरणाला तर हमखास.

वास्तविक आपल्या नगर जिल्ह्यात हे उदाहरण रोज केंद्रावर सुटते. संगमनेर, राहाता, राहुरीकडे किती घरे संकरित गायींवर चालतात! फॅट आणि एसएनएफ मोजले जाते, त्यावर दुधाचा पगार ठरतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे भावाचे नेहमीचे प्रमाण.

समजा, सकाळी १२ किलो दूध गेले, फॅट ३.२. संध्याकाळी ८ किलो, फॅट ४. दिवसाची सरासरी? वर्गात बहुतेक हात ३.६ सांगायला वर होतात. मग बिलावर ३.५२ दिसले की घरी कुरकूर सुरू, केंद्रवाल्याने फॅट मारली! तसे नाही. सकाळच्या दुधात फॅट ०.३८४ किलो, संध्याकाळच्या दुधात ०.३२० किलो. बेरीज ०.७०४ किलो, ती २० किलो दुधात. म्हणजे ३.५२ टक्केच. सकाळचे दूध जास्त, म्हणून सरासरी तिकडे झुकते. टक्क्यांची बेरीज होत नाही, किलोंची होते. मिश्रणाचे सगळे गणित एवढ्यावर उभे आहे.

आता समीकरण. गायीचे दूध ३.५ फॅटचे, म्हशीचे ६ फॅटचे. पिशवीतल्या स्टँडर्ड दुधासारखे ४.५ फॅटचे १०० किलो दूध हवे. गायीचे क्ष, म्हशीचे य. पहिली मसावात दुधाची: क्ष + य = १००. दुसरी फॅटची: ३.५क्ष + ६य = ४५०. पहिलीला ३.५ ने गुणून दुसरीतून वजा केले की २.५य = १००. म्हशीचे ४० किलो, गायीचे ६०. ताळा घ्या: २१० आणि २४०, बरोबर ४५०. एक मसावात मालाची, एक त्यातल्या अर्काची, एवढे पक्के झाले की मीठ-पाणी असो वा सोने-तांबे, फरक पडत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये फुलीची युक्ती शिकवतात: ६ वजा ४.५ म्हणजे १.५, ४.५ वजा ३.५ म्हणजे १, म्हणून गाय-म्हैस ३:२. उत्तर बरोबर येते, पण समीकरण मांडण्याआधी ती शिकलेले मूल पुढे तिसरा घटक आला की हात टेकते. आमचा तिला विरोध नाही, घाईला आहे.

बीजगणिताला जगभर ज्या नावाने ओळखतात ते अल्जिब्रा हे नाव नवव्या शतकात बगदादला राहिलेल्या अल-ख्वारिज्मींच्या किताबातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून आले. त्या किताबाचा मोठा भाग वसीयत आणि विरासतीच्या वाटपाचा आहे. म्हणजे तेही इबारती सवालच.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली, दुधात पाणी घालायला आईला नकार देणाऱ्या मुलीची हकीकत घरोघरी सांगितली जाते. तिचे गणितही करून पाहा. पाण्याची फॅट शून्य. २० किलो दूध, ४ फॅट, ८.५ एसएनएफ. ५ किलो पाणी घातले की फॅट ३.२ वर येते, एसएनएफ ६.८ वर. दोन्ही आकडे एकाच प्रमाणात उतरतात. साय काढली तर फॅट पडते, एसएनएफ पडत नाही. म्हणून केंद्रावर दोन्ही आकडे पाहतात, आणि बिल वाचताना घरच्यांनीही दोन्ही पाहावेत.

या महिन्याचा सवाल: एका गायीचे दूध ३ फॅटचे, दुसरीचे ४.२. दोन्ही मिसळून ३.५ फॅटचे ६० किलो दूध करायचे आहे. कोणते किती? फुली न मारता सोडवा. उत्तर पुढच्या अंकात.