चाल परत घेण्याचं बटण



आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. ओटा पुसला की स्वयंपाकघर बंद. पुढचे दोन तास खरं तर आपले असतात, पण ते मालिकेत नाहीतर फोनवर जातात. माझेही जायचे. मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून मुलाचा जुना निंटेंडो डीएस निघाला. डबीसारखं उघडणारं, दोन पडद्यांचं यंत्र. आत 'चेसमास्टर : द आर्ट ऑफ लर्निंग' हा 2007 सालचा खेळ. भंगारात टाकण्याआधी सहज चालू केला आणि 52व्या वर्षी मी बुद्धिबळ शिकले.

माहेरी पट होता. वडील आणि भाऊ खेळायचे, मी शेंगदाण्यांची वाटी नेऊन ठेवायचे. मला कुणी मना केलं नव्हतं, पण "ये, बस" असंही कुणी म्हणालं नाही. मोठेपणी विचारायची लाज वाटली. एवढी मोठी बाई, आणि हिला उंट कसा चालतो ते माहीत नाही!

यंत्रापुढे ती लाज गेली. घोड्याची अडीच घरं मी किती वेळा चुकले, पण ते हसलं नाही. त्यात एक फळांचा खेळ आहे. मोहरा असा ठेवायचा, की एकाच वेळी दोन-तीन फळांवर त्याचा मारा बसेल. दुहेरी हल्ला म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. फोनवरही बुद्धिबळ फुकट मिळतं, हे मला ठाऊक आहे. पण डाव रंगात आला की फोन वाजतो आणि लक्ष उडतं. या यंत्राला दुसरा उद्योगच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : 'गेम म्हणजे व्यसन' असं सरसकट म्हणू नका. ज्या बाईला चारचौघांत चुकायची भीती वाटते, तिच्यासाठी असं यंत्र चांगली शाळा आहे. मात्र त्यात एक खोट आहे. ती मला महिन्याने कळली.

त्यात चाल परत घेता येते. वजीर गेला? परत घ्या. मी दर डावात दहादा परत घ्यायचे आणि जिंकायचे. एकदा सासऱ्यांनी, आप्पांनी, विचारलं, "सूनबाई, खेळता का माझ्याशी?" पंधरा मिनिटांत हरले. वर आप्पा जुन्या देशी पद्धतीचे. "प्यादं पहिल्या चालीत दोन घरं? कुणी शिकवलं?" म्हणून तेच मला रागावले!

त्या रात्री प्रतिक्रमणाला बसले तेव्हा मनात आलं, आपण इथे दिवसभरातल्या चुका पुसत नाही. एकेक चूक समोर घेतो, कबूल करतो, पुन्हा न करण्याचं ठरवतो. मी यंत्रावर उलट करत होते. चूक दिसायच्या आत पुसून टाकत होते, म्हणून तीच पुन्हा होत होती.

दुसऱ्या दिवसापासून चाल परत घेणं बंद. हरले तर हरले. रोज एकच डाव, मग डबी बंद करायची आणि कुठे चुकलं ते वहीत एका ओळीत लिहायचं. पहिले कित्येक दिवस वहीत एकच वाक्य होतं : 'वजीर घाईने बाहेर काढला.' मग ते वाक्य येईनासं झालं.

आता आप्पांशी रविवारी बसते. त्यांनी प्यादं दोन घरं मान्य केलंय, किल्लेकोट अजून नाही. मी अजून जिंकलेले नाही, पण परवा ते एका चालीवर बराच वेळ थांबले.

1974 साली देशातली पहिली महिला राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. 2025 साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. त्यांच्या वाटेला आपण जाणार नाही, पण घरातल्या पटापर्यंत तर जाऊ शकतो?

यंत्रावर जरूर शिका. पण ते बटण लवकर सोडा आणि समोर माणूस घ्या. आणि घरात पट मांडला असेल तर लेकीला, सुनेला आपणहून म्हणा, "ये, बस."