राजा झाल्यावर गेम बोअर होतो म्हणे

"मामा, राजा होईपर्यंतच मजा आहे रे. नंतर नुसती कटकट."

हे आमच्या भाच्याचं मत. ‘माउंट अँड ब्लेड: वॉरबँड’ हा गेम खेळणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं हेच मत असतं, हे मला आता कळून चुकलंय. राज्य स्थापन केलं, झेंडा निवडला, की या मंडळींचा उत्साह संपतो. मग कोणी चीट वापरून पैसे वाढवतो, कोणी सरदारांची कुरकुर बंद करणारा मॉड शोधतो, कोणी सरळ नवा खेळ सुरू करतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. राजा झाल्यावर जी कटकट सुरू होते ना, तोच खरा गेम. त्याआधीचं सगळं म्हणजे नुसती मारामारी. आणि मारामारीचे गेम पैशाला पासरी मिळतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातल्या टेलवर्ल्ड्स या कंपनीने पहिला ‘माउंट अँड ब्लेड’ २००८ साली काढला आणि ‘वॉरबँड’ मार्च २०१० मध्ये. कॅलराडिया नावाचा काल्पनिक मध्ययुगीन प्रदेश, त्यात सहा राज्यं. तुम्ही एक घोडा आणि फाटके कपडे घेऊन सुरुवात करता. गावोगाव फिरून पोरं जमवायची, दरोडेखोर मारायचे, जमलं तर एखाद्या राजाची चाकरी धरायची. आणि कोणाचाही चाकर नसताना एखादा किल्ला जिंकलात, की ते तुमचं राज्य. झालात राजे!

इथेच पहिला दणका बसतो. किल्ला तुमचा, फौज तुमची, पण शेजारचे राजे तुम्हाला राजा मानतच नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही एक माजलेला लुटारू. गेममध्ये ‘राइट टू रूल’ नावाचा एक आकडा आहे, राज्य करण्याचा हक्क. सुरुवातीला तो शून्य असतो, आणि तो नुसत्या तलवारीने वाढत नाही. आपले साथीदार देशभर पाठवायचे, त्यांनी ‘आमचा धनीच कसा राजा व्हायला लायक आहे’ अशी हवा करायची. तेवढे दिवस तो साथीदार तुमच्या सैन्यात नाही, कारण तो प्रचारात. एखाद्या खानदानी घरच्या मुलीशी लग्न केलं तरी आकडा वर जातो. भाचा म्हणतो हे फालतू आहे, लग्नाचा आणि राज्याचा काय संबंध? अरे बाबा, मध्ययुगात दुसरा कशाचा होता? आणि परदेशात कशाला जायचं? शिवाजी महाराजांकडे किल्ले, फौज, वसूल सगळं होतं, तरी १६७४ साली काशीच्या गागाभट्टांना बोलावून रायगडावर राज्याभिषेक करून घ्यावाच लागला. बादशाहीच्या लेखी तोवर ते एक बंडखोर जमीनदारच होते. हा आकडा ज्याला फालतू वाटतो त्याने शाळेत इतिहास कसा वाचला असेल याची मला काळजी वाटते.

पण हे काहीच नाही. खरी गंमत जहागिरीत आहे.

राज्य एकट्याने चालत नाही. चार दिशांना चार शत्रू, आणि तुमची फौज एका वेळी एकाच ठिकाणी. शिवाय ताब्यातली ठाणी जास्त झाली की कराची गळती वाढते. म्हणजे सरदार हवेत. सरदार येतात, पण हात पसरून येतात. नवा किल्ला जिंकला की प्रत्येकाला वाटतं तो आपल्यालाच मिळावा. एकाला दिला की बाकीचे रुसतात. स्वतःकडे ठेवला तर सगळेच रुसतात. रुसवा वाढला की एक दिवस सरदारसाहेब शत्रूकडे निघून जातात, आणि जाताना तुम्हीच दिलेला किल्ला बरोबर नेतात!

माझ्या पहिल्या राज्यात मी हेच केलं. सगळं स्वतःकडे ठेवलं. म्हटलं, घाम मी गाळला, मग यांना कशाला? चार सरदार होते, तिघे गेले. दुसऱ्या राज्यात शहाणपणा करून सर्वांत जो जास्त कुरकुर करतो त्याला आधी दिलं. (लग्नकार्यात आपण रुसक्या काकांना पुढच्या रांगेत बसवतो तसं.) तो खूश झाला, पण जो सरळमार्गी होता, न मागता प्रत्येक लढाईत हजर असायचा, तो गेला. स्क्रीनवर त्याच्याशी असलेले संबंध उणेत गेलेले दिसले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तो माणूस नाही, प्रोग्रामच्या चार ओळी आहेत, हे माहीत असूनही.

आता भाच्याचा पक्ष असा, की हा बग आहे. मी जिंकलो तर मला हवं तसं वाटप करता आलं पाहिजे. ही अपेक्षा कुठून आली ते मला ठाऊक आहे. आमच्या पिढीनेच ती लावली. १९९९ सालचा ‘एज ऑफ एम्पायर्स २’ आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळलो. तिथे गावकऱ्यावर क्लिक केलं की तो झाड तोडायला जातो. घोडेस्वाराला मरायला पाठवलं तरी हूं नाही की चूं नाही. उत्तम गेम आहे, अजूनही खेळतो. पण तिथे आपण राजा नसतो, माउस असतो. सगळा नकाशा आपल्या रंगात रंगवायचा एवढंच काम. त्या सवयीने माणूस इथे येतो आणि समोरचा सरदार ‘नाही’ म्हणाला की बग शोधायला लागतो.

इंग्लंडच्या जॉन राजाचंही बहुधा असंच झालं असावं. १२०४ मध्ये नॉर्मंडी हातची गेली, ती परत मिळवायला सरदारांकडून पैसा पिळला, १२१४ मध्ये त्याचे दोस्त बूव्हिनला हरले, आणि १२१५ च्या जूनमध्ये त्याच सरदारांनी त्याला मॅग्ना कार्टावर मोहोर उठवायला लावली. त्याला कोणी मॉड देऊ शकलं नाही.

एक गोष्ट मात्र मी भाच्यापाशी कबूल करतो. गेममध्ये तिसरा रस्ता नाही. तुमच्या साध्या शिपायाला दर आठवड्याला पगार मिळतो, पण सरदाराला पगारावर ठेवायची सोयच नाही. त्याला जमीनच द्यावी लागते. हे युरोपच्या सरंजामशाहीला धरून आहे, ठीक. पण महाराजांनी शक्यतो जहागिरी न देता रोख पगाराची पद्धत ठेवली होती, आणि १६८९ नंतर राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी लढताना पुन्हा वतनं-सरंजाम द्यायची पाळी आली. पगार द्यायचा तर खजिना हवा, आणि तेव्हा तो होता कुठे? पुढे त्या सरंजामांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वॉरबँडमध्ये हा पर्याय असता तर मी आणखी एक वर्ष वाया घालवलं असतं. २०२० साली आलेल्या ‘बॅनरलॉर्ड’मध्ये जहागिरीसाठी सरदारांचं मतदान घेतात, पण जमीन ती जमीनच.

आणि आता जे लिहिणार होतो ते. ऱ्होडॉक लोकांच्या डोंगराळ मुलुखातलं एक गाव मी जाळलं होतं. राज्य नवीन, खजिना रिकामा, शिपायांचा पगार तुंबलेला. गाव शत्रूचं, तेव्हा मनाला काही लागलं नाही. गुरं विकली, पगार भागला. पुढे एका सरदाराला फोडायला गेलो. तो दयाळू स्वभावाचा. अशांना ‘मी रयतेचं रक्षण करीन’ हे पटतं म्हणून मी तेच बोललो. तोही आला. मग आम्ही दोघांनी मिळून तिथला किल्ला घेतला, आणि किल्ल्याबरोबर त्याला जोडलेलं गाव आलं. तेच गाव.

भाचा म्हणाला, "मग देऊन टाक की त्यालाच." मी नाही दिलं. ते माझ्याकडेच ठेवलं, त्यावरून तो सरदार नाराज आहे. तिथे भरतीला एकही पोरगा येत नाही. कर जवळजवळ नाहीच. मध्ये एकदा दरोडेखोर शिरले, त्यांना हाकलून लावलं. शाळा बांधली आहे. शाळेने गावाशी असलेले संबंध महिन्याला एकने सुधारतात. परवा बघितलं तेव्हा उणे अकरा होते.