नव्या न्हाणीघराची ओली भिंत

तलासरी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. चिकूचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी जुनी मोरी मोडून टाइल्सचे नवे न्हाणीघर करून घेतले आणि मुलांच्या हट्टापायी शॉवरही बसवला. चार महिने झाले नाहीत तोच पलीकडच्या खोलीत, सासूबाईंची खाट आहे त्या भिंतीला, हातभर ओल चढली. रंगाचे पोपडे सुटू लागले. गवंडी म्हणतो, नळवाल्याने सांधा कच्चा ठेवला. नळवाला म्हणतो, गवंड्याने फरशी नीट भरली नाही. घरधनी म्हणतात, सगळे उखडून पुन्हा करू. बाई विचारतात, “आमच्याकडे धरणीचे हादरे बसतात, त्याने तर पाइप फुटला नसेल?”

ताई, आधी एक काम करा, मग पुढचे वाचा. त्या ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल किंवा गिझरची वायर तिच्यातून गेली असेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. ओल्या भिंतीत वीज उतरली तर ती डोळ्यांना दिसत नाही, आणि न्हाणीघरात माणूस ओल्या अंगाने, अनवाणी उभा असतो. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्या. शॉवर थोडे दिवस गळत राहिला तरी चालेल, पण हे काम उद्यावर टाकू नका.

आता गळतीकडे वळू. छन्नी-हातोडा घेण्यापूर्वी पाणी कोठून येते ते पाण्यालाच सांगू द्यावे. त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

रात्री टाकीत येणारे पाणी बंद करा, घरातले सगळे नळ आणि संडासच्या टाकीचा कॉक बंद करा आणि टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर कोळशाने खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली आणि टाकी स्वतः गळत नसली, तर चावीच्या अलीकडचा पाइप गळतो आहे. तिथे पाणी चोवीस तास भरलेले असते, म्हणून ही ओल कधी कमी होत नाही.

पातळी जागच्या जागी असेल तर शॉवरची जाळी काढून त्या नळीच्या तोंडाला अर्ध्या इंचाचा प्लग घट्ट बसवा आणि चावी पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवा. बाहेर पाण्याचा थेंब पडत नाही, तरी भिंत ओलावली, तर दोष भिंतीतल्या नळीचा, बहुधा शॉवरची दांडी जिथे भिंतीत शिरते त्या एल्बोचा. तिथे टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेने न गुंडाळता उलटी गुंडाळली की कसताना ती सुटून येते. कधी नळवाला पान्हा इतका आवळतो की एल्बोच तडकतो.

तिथेही काही सापडले नाही, तर एक बादली पाणी फरशी न भिजवता सरळ जाळीच्या भोकात ओता. ओल वाढली तर नहाणी ट्रॅपचा सांधा. नाहीतर भोकात चिंधी आणि प्लॅस्टिक कोंबून, उंबऱ्याशी मातीचा बांध घालून, फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास कोंडा. तुम्ही भाताची खाचरे बांधता, तुम्हाला हे शिकवायला नको. पाणी थोडे वाऱ्याने आटेल, पण बोटभर उतरले तर ते फरशीखाली गेले.

आणि फरशीही शाबूत निघाली, तर राहते ती भिंत. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे दोष इथेच असावा. ज्या मोरीत पिढ्यान् पिढ्या पाटावर बसून तांब्याने अंघोळ झाली, तिथे पाणी कमरेच्या वर फारसे उडाले नाही. म्हणून गवंडी कमरेएवढ्या टाइल्स लावतो, वर रंग देतो. शॉवरचे पाणी मात्र डोक्यावरून येते आणि दहा मिनिटे भिंत झोडपते. रंगाला ते झेपत नाही. ते गिलाव्यात शिरते, टाइल्सच्या मागून खाली उतरते आणि पलीकडे तळाशी दिसते. त्या भिंतीवर शॉवर असेल तर पाणी रोखणारा लेप माणसाच्या उंचीपर्यंत हवा आणि टाइल्स त्याच्यावर. नुसत्या टाइल्सनी पाणी अडत नाही, सांध्यातून ते जातेच.

हादऱ्यांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन थरथरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा चार रिश्टरच्या वरचा होता. त्या दिवशी घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. थंडीत लोकांनी तंबूत रात्री काढल्या. अशा लहान हादऱ्यांनी नीट जोडलेला पाइप सहसा फुटत नाही. पण भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यात पांढरे सिमेंट भरलेले असते, ते कडक आणि ठिसूळ. भिंत एका बाजूला हलली, फरशी दुसऱ्या, की त्यात केसाएवढी चीर पडते, आणि शॉवरच्या पाण्याला तेवढी पुरते. म्हणून डहाणू-तलासरीत तरी कोपऱ्यात आणि नळाभोवती पांढरे सिमेंट नको, ताणले तर ताणणारे सिलिकॉन भरा. लेप फरशीवरून भिंतीवर फूटभर चढवा आणि कोपऱ्यात त्या लेपातच जाळीची पट्टी बसवा.

जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. कारवीच्या कुडाचे घर हलते, पण अंगावर पडले तरी हलके. विटांची भिंत तशी नाही, आणि विटा मातीत रचलेल्या असतील तर ती माती ओलीने मऊ होते. अशी सतत भिजलेली भिंत ज्या गावात धक्के बसतात तिथे सासूबाईंच्या उशाशी असू नये. खाट आजच दुसऱ्या भिंतीला न्या. भिंतीत पाइपसाठी मारलेली खाचही पाहा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको आणि आडवी सहाव्या हिश्शापेक्षा नको, म्हणजे नऊ इंची भिंतीत आडवी दीड इंचच. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच मुळीच मारू देऊ नका. पाइप बाहेरून क्लिपांनी गेला तर दिसायला थोडा वाईट दिसेल, पण गळला तर दिसेल आणि टाइल न फोडता दुरुस्त होईल. मला तर तोच आवडतो.

दोष सापडला की तेवढाच भाग उघडा. पाइपचा असेल तर चार-सहा टाइल्स जातील, सगळे न्हाणीघर नव्हे. नवा सांधा केल्यावर टाइल लावण्याची घाई करू देऊ नका. नळवाल्याकडे हाताने दाबायचा पंप असतो, त्याने पाइपात दाब भरून काटा काही तास तरी स्थिर राहतो का ते पाहा. सोलरचे कढत पाणी असेल तर साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसी घ्या. पुढेमागे दाबाचा पंप बसवणार असाल तर ते आत्ताच सांगा. दहा फुटांवरच्या टाकीला जो सांधा टिकतो तो पंपाला टिकेलच असे नाही.

गवंडी आणि नळवाला यांचा वाद या परीक्षांनी आपोआप मिटेल, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर त्या करायच्या आहेत. यापुढे काम देताना शेवटचा हप्ता फरशीवर चोवीस तास पाणी कोंडून झाल्यावरच द्यायचा, असे आधीच बोलून ठेवा. त्याला कोणी राग मानत नाही.

रंगाची घाई नको. दुरुस्ती झाल्यावरही भिंत सुकायला आठवडे लागतात, पावसाळ्यात महिने. पोपडे खरवडून ती उघडी ठेवा. मग फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांना पट्टी लावून भिंतीवर रात्रभर चिकटवा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले तर रंगाऱ्याला आणखी पंधरा दिवसांनी बोलवा.