विश्लेषण : ‘गाडी येते’ म्हणजे नेमके काय येते?

दहावी-बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश झाले की घरोघरी एक विषय निघतोच : मुलाला किंवा मुलीला दुचाकी कधी घ्यायची? ‘त्याला गाडी येते की!’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. सोसायटीच्या आवारात किंवा सुट्टीत गावच्या मोकळ्या रस्त्यावर मामाला मागे बसवून चार दिवसांत क्लच, गिअर, ब्रेक जमले की गाडी ‘आली’. जीव वाचवणारे शिक्षण मात्र यानंतर सुरू व्हायला हवे. आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे दर तासाला सुमारे १९ बळी. त्यातील ६६.५ टक्के १८ ते ४५ वयोगटातील होते. एकूण मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जणांनी रस्त्यावर प्राण गमावले.

हा केवळ आपला प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे जगभरातील पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवण्याचे किमान वय १८ आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळू शकतो, पण तो जास्तीत जास्त ५० सीसीच्या दुचाकीसाठी. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्यामुळे ‘विनागिअरची आहे, चालते’ हा समज चुकीचा आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरमध्ये मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. ती मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. त्यानंतर राज्यभर चर्चा झाली ती जामिनाची, ३०० शब्दांच्या निबंधाची आणि शिक्षेची. ती व्हायलाच हवी होती. पण शिक्षा अपघातानंतर येते. अपघाताआधी काय करायचे, यावर फारसे कोणी बोलले नाही.

परवाना देताना काय तपासतात?

शिकाऊ परवान्यासाठी चिन्हे आणि नियमांवरचे बहुपर्यायी प्रश्न असतात. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारच्या मदतीने ही परीक्षा घरबसल्या देता येते. ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

या चाचणीत काय पाहावे, याची लांबलचक यादी नियमांत आहे. ओव्हरटेक करणे, दुसऱ्याला पुढे जाऊ देणे, अचानक थांबणे, सिग्नलला योग्य प्रतिसाद देणे, हे सारे त्यात आहे. पण चाचणी रहदारी नसलेल्या मैदानात झाली, तर यातले किती तपासले जाणार? दुचाकीवर पाय न टेकता आठचा आकडा काढला की काम झाले, असाच अनेकांचा अनुभव असतो.

मग राहून काय जाते?

पहिली गोष्ट अंतराची. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ३७. हाच वेग ४० असेल, तर साधारण २० मीटरमध्ये गाडी थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. तीन सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर ६० च्या वेगात गाडी ५० मीटर आंधळेपणाने गेलेली असते.

दुसरी गोष्ट धोका आधी ओळखण्याची. थांब्यावरच्या एसटीच्या पुढून कोणी तरी धावत येऊ शकते. उभ्या मोटारीचे दार उघडू शकते. वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूची दुचाकी चालकाला दिसतेच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी असू शकते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येऊन चाक घसरते. अनुभवी चालक हे ओळखून आधीच वेग कमी करतो. नवख्याला ते दिसते, पण त्याचा अर्थ लागत नाही.

तिसरी गोष्ट ब्रेकची. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, अशी भीती अनेकांना लहानपणीच घातली जाते. प्रत्यक्षात ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते आणि गाडी मुख्यतः तेच चाक थांबवते. दोन्ही ब्रेक एकत्र आणि दाब हळूहळू वाढवत लावणे हे सरावानेच जमते.

ड्रायव्हिंग स्कूल लावले की भागते?

काही प्रमाणात. खासगी मोटारीच्या प्रशिक्षणासाठी नियमांनुसार किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास बंधनकारक आहेत. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली. तिथे हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे : आठ तास वर्गात, २१ तास प्रात्यक्षिक. तो उत्तीर्ण झाल्यास आरटीओच्या वाहन चाचणीतून सूट मिळते. पण हे सगळे प्रामुख्याने चारचाकीसाठी. सर्वाधिक बळी जातात त्या दुचाकीचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्याच.

शिवाय प्रशिक्षणाचेही प्रकार आहेत. घसरती गाडी सावरण्यासारखी कौशल्येच शिकवली, तर तरुणांचा आत्मविश्वास कौशल्यापेक्षा जास्त वाढतो, असे परदेशातील अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच अनेक देशांनी परवाना टप्प्याटप्प्याने देण्याचा मार्ग धरला. न्यूझीलंडने १९८७ मध्ये तो स्वीकारला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये २५ वर्षांखालील शिकाऊ चालकाला मोटार चालवण्याच्या १२० तासांच्या सरावाची नोंद ठेवावी लागते. त्यातले २० तास रात्रीचे. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेबरोबर धोका ओळखण्याची परीक्षाही असते. उमेदवार १४ चित्रफिती पाहतो आणि धोका आकार घेऊ लागताच क्लिक करतो.

काय करायला हवे?

शिकाऊ परवान्याची परीक्षा संगणकावर होतेच. तिथे आपल्याच रस्त्यांच्या चित्रफिती दाखवून धोका ओळखायला लावणे अवघड नाही. दुचाकीच्या पक्क्या परवान्याआधी काही तासांचे रीतसर प्रशिक्षण सक्तीचे करावे. कॉलेजांनी पहिल्याच सत्रात ते आपल्या आवारात द्यावे. चाचणीचा काही भाग खऱ्या रहदारीत व्हावा.

सरकारी निर्णयाला वेळ लागेल. पालकांना मात्र थांबण्याची गरज नाही. वय आणि परवाना आधी. मग पहिला महिनाभर मागे दुसऱ्या गाडीवरून स्वतः जा. पहिला पाऊस, पहिली रात्र, पहिला महामार्ग मूल एकटे असताना येऊ देऊ नका. घरी आल्यावर ‘आज कुठे ब्रेक मारावा लागला?’ एवढे विचारा. हेल्मेट गाडीबरोबरच घ्या आणि ते घातल्याशिवाय किल्ली देऊ नका.

घरात ‘त्याला गाडी येते’ असे पुन्हा कोणी म्हणाले, तर त्याला एकच प्रश्न विचारून पाहा : साठच्या वेगातली गाडी किती अंतरात थांबते? उत्तर आले नाही, तर किल्ली आणखी काही दिवस खुंटीवरच राहू द्या.