परसातल्या कोंबड्यांचा खुराक

मैत्रिणींनो, अंड्यांचे चार पैसे आपल्या हाती राहतात, तेव्हा पोत्याचा खर्च डोळ्यांत भरणारच. आपल्या हिंगोली-वसमतकडे ज्वारी घरचीच. ओंजळभर टाकली की झाले! मोकळ्या गावरान कोंबडीला ते पुरतेही. उकिरडा उकरून किडे, पाला ती स्वतः मिळवते. पण अंडी वर्षाला 50-60च्या घरात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची 'वनराजा' आणून खुराड्यात कोंडलीत, तर नुसत्या ज्वारीवर ती अंडी कुठून देणार? ज्वारीत प्रथिने शेकडा 10च्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला 16 तरी हवीत.

सोयाबीन आपल्याकडे रगड, पण कच्चे घालू नका हं, बाधते. भाजून भरडा. कवच पातळ येतंय? अंड्यांची टरफले भाजून, अगदी बारीक कुटून द्या. (तुकडे ओळखू आले तर अंडी फोडून खायची खोड लागते!)

विकतचे 'लेअर' खाद्य सोयीचे खरे, मात्र पिलांना नको. त्यातला जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आणि पावसाळ्यात पोते फळीवर ठेवा. बुरशी आलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ते विष उकळूनही जात नाही.