चोथा आमचा, चावी कुणाची?

मार्च उजाडला की पेडणे आणि डिचोलीच्या डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकून गळू लागतात. बी बाजारात जाते, बोंडांचा रस भट्टीवर चढतो आणि त्याची हुर्राक व फेणी होते. या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकनही लाभले. पण रस पिळून उरलेल्या चोथ्याचे काय? तो पुष्कळदा बागेच्या कडेला आंबतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. ज्याच्या तंतूत साखर दडली आहे, तेच आम्ही उकिरड्यावर फेकतो. यापरता करंटेपणा कोणता?

ही साखर सहजी हाती येत नाही, हे आम्ही जाणतो. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांनी घट्ट विणलेली असते. ती उलगडण्यासाठी निरनिराळी विकरे लागतात. एक सेल्युलोजची साखळी मध्येच तोडते, दुसरे टोकापासून दोन-दोन कड्या सोडवते, तिसरे त्या जोडकड्या फोडून ग्लुकोज मोकळे करते. तिसरे मागे पडले की साचलेल्या जोडकड्या पहिल्या दोघांचेच हात बांधतात.

म्हणून शास्त्रज्ञांनी या विकरांची जनुके जोडून एकाच प्रथिनात दोन-तीन कामे गुंफण्याचा मार्ग धरला. एकाने तोडलेला तुकडा शेजारच्याच्या हाती लगेच पडावा, हा त्यातील हेतू. निसर्गाने हे पूर्वीच साधले आहे. उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूच्या ‘सेल-ए’ या विकरात दोन कर्तने एकाच साखळीत आहेत. ते सेल्युलोजमध्ये खड्डे पाडत आत शिरते, असे 2013 साली दिसून आले.

परंतु जोडले म्हणजे जमले, असे नव्हे. मधला दुवा आखूड पडला तर दोन्ही अंगे एकमेकांस अडवतात, लांब झाला तर तो मध्येच तुटतो. एकास मानवणारी उष्णता व आम्लता दुसऱ्यास मानवेलच असे नाही. शिवाय प्रथिन जितके मोठे, तितके ते सूक्ष्मजीवांकडून घडवून घेणे कठीण. विकराची किंमत हाच या धंद्यातील खरा अडसर आहे.

तरीही हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी पानिपत येथे राष्ट्रास अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. हरियाणाच्या पेंढ्याला पुण्याची बुद्धी लाभते, तर आमच्या चोथ्याने कोणते पाप केले?

कुणी म्हणेल, चोथा ओला, हंगाम थोडा, बागा विखुरलेल्या. आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही प्रचंड कारखाना मागत नाही. आम्ही मागतो ती परीक्षा. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत खारफुटीच्या कुजक्या लाकडावरील बुरशीच्या विकरांचा अभ्यास झालेला आहे. गोवा विद्यापीठही येथेच आहे. पुढील हंगामात या दोन तालुक्यांतील चोथा या प्रयोगशाळांनी तपासावा, जोडविकरे त्यावर पारखावी आणि निकाल, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीतून बागायतदारापुढे ठेवावा. सरकारने त्याचा खर्च उचलावा.

हे आज न झाले तर उद्या कुणी परका तीच चावी घडवील, तिचे पेटंट घेईल आणि आमच्याच चोथ्याचे कुलूप उघडण्यासाठी आमच्याकडून दाम वसूल करील. त्या दिवशी हळहळून काय उपयोग? माल आमचा आहे. चावीही आमचीच हवी.