‘सहा महिने मजा केलीस ना?’

‘काय मॅडम, सहा महिने मजा केलीत ना?’
‘पोट केवढं दिसतंय! जुळी आहेत की काय?’
‘हा प्रोजेक्ट तू नको घेऊस, मध्येच जाशील.’
‘पाच वाजले, निघाल्या आमच्या हाफ-डे मॅडम!’

सकाळच्या बदलापूर-सीएसएमटी लोकलमध्ये लेडीज डब्यात कान उघडे ठेवा, असे डायलॉग सहज ऐकू येतील. सांगणारी हसत सांगते, ऐकणाऱ्याही हसतात. आणि मग हळूच कुणीतरी म्हणतं, ‘कधी कधी वाटतं, सोडून द्यावी नोकरी.’

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून एसवाय-टीवायला आहोत. हेंद्रेपाड्यातून रिक्षाने स्टेशन, तिथून उल्हासनगर नाहीतर कल्याणचं कॉलेज. मॅटर्निटी लीव्हचं टेन्शन आम्हाला कशाला? पण दोन-तीन वर्षांत तुम्ही कुठल्यातरी ऑफिसात फ्रेशर म्हणून बसलेले असाल. शेजारच्या डेस्कवर अशी एखादी ताई असेल. तिला टोमणा मारणारे, तो ऐकून खाली बघणारे तुमच्यातलेच असतील. आणि पुढे कधीतरी तुमच्यातलीच एखादी त्या डेस्कवर असेल.

आपल्याकडे गरोदरपण ही सगळ्या गोतावळ्याची गोष्ट. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्या पुढे येतात, ‘पेढा की बर्फी?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं जातं. तिथे चिडवणाऱ्या मावशीने आधी डबे पोचवलेले असतात, त्यामुळे तिचं चिडवणं खपून जातं. ऑफिसात मात्र याच गप्पांच्या आसपास अप्रेझल आणि प्रमोशन ठरत असतं. ‘आता तुझं कामात लक्ष कसं लागणार?’ हे बोलणाऱ्याला काळजी वाटते, पण बॉसच्या कानावर ते रिपोर्टसारखं पडतं. दहा वेळा पडलं की तेच खरं वाटायला लागतं. म्हणून हा प्रश्न फक्त मॅनर्सचा नाही, तिच्या नोकरीचा आहे.

एकेकाळी असला विचार चक्क नियमात लिहिलेला होता. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला पहिल्यांदा दिवस गेले की तिची नोकरी संपायची. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी कोर्टात गेल्या आणि १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. आज असा नियम कुणी उघड लिहू शकत नाही. टोमणा मात्र तेच काम गुपचूप करतो.

आता ‘मजा केलीस’चा हिशेब बघू. ही रजा कंपनीची मेहेरबानी नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने ती दिली, २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर तिला कामावर ठेवायलाच मनाई आहे. रजेवर असताना तिला काढता येत नाही की तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा ब्रेक तिच्या हक्काचे. ‘सारखी कुठे गायब होते?’ याचं उत्तर कायद्यातच आहे.

आणि ती पाचच्या ठोक्याला का पळते? सीएसएमटी ते बदलापूर म्हणजे दीड तासाच्या आसपास. बदलापूर-कर्जतच्या गाड्या ठाणे-कल्याणसारख्या भराभर नसतात. एक चुकली की पाळणाघरातलं बाळ तेवढा वेळ जास्त थांबतं.

मग टोमण्याला उत्तर काय द्यायचं? भांडायची गरज नाही, उत्तर छोटं ठेवायचं आणि गाडी कामावर आणायची. ‘मजा कसली हो, नाइट शिफ्टच होती रोज! बरं, त्या ऑर्डरचं कुठवर आलं?’ शरीराबद्दल बोलणं आलं तर हसायचंही नाही: ‘माझ्या पोटाबद्दल नको बोलूया.’ एवढं म्हणून गप्प. पुढची शांतता समोरच्याला सांभाळू दे. काम काढून घेतलं जात असेल तर, ‘सर, मला काय झेपेल ते मी सांगेन. नाव काढायच्या आधी मला विचारा.’ आणि हेच त्याच दिवशी मेलवर. तोंडी बोलणं हवेत जातं, मेल तारखेसकट राहतो. शेरे लैंगिक वळणावर गेले तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्याकडे जायचं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करू. ती रजेवर गेली की तिचं काम शेजारच्यावर येतं, म्हणजे तुमच्यावर. रात्री नऊपर्यंत थांबायला लागलं की राग येणारच. पण तो राग कुणावर काढायचा? रजा कधी सुरू होणार हे मॅनेजरला कित्येक महिने आधी माहीत असतं. बदली माणूस न घेण्याचा निर्णय त्याचा, तिचा नाही. त्याला विचारा.

कंपन्यांचीही एक बाजू आहे. रजेचा पगार बहुतेक ठिकाणी मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून काही जण बायकांना घ्यायलाच कचरतात. हा वाद नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, पण बायकांच्या कामातून फायदा मिळवणाऱ्या मालकालाही सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. खर्च कुणी किती उचलायचा यावर आजही खुशाल भांडा. तिच्या डेस्कपाशी उभं राहून नको.

आता तुमचं काम. ज्याच्यावर टोमणा पडतो त्यानेच दरवेळी उत्तर द्यायचं, हा आपला नियम चुकीचा आहे. तिला आधीच झोप नाही, त्यात तिनेच सगळ्यांना शिकवायचं? फ्रेशर बॉसला झापू शकत नाही, कबूल. पण ‘अहो, त्यांचं त्यांना ठरवू दे ना’ एवढं म्हणता येतं. विषय बदलता येतो. निदान न हसणं तरी जमतं. मुलांनो, हे तुम्ही केलंत तर जास्त चालतं, कारण ती बोलली की ‘सेन्सिटिव्ह झालीय’ म्हणतात.

‘मग काय बोलायचंच नाही का?’ बोला ना! ‘कशी आहेस?’ विचारा आणि उत्तर ऐका. ती परत येईल त्या दिवशी मजेची चौकशी करण्याऐवजी, सहा महिन्यांत काय बदललं, कुठला क्लायंट गेला, कुठलं सॉफ्टवेअर नवीन आलं, याचं एक पान लिहून तिच्या टेबलावर ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.